श्रद्धा घाऊक घेऊ नका

पत्र (थोडं संक्षिप्त करून): नमस्कार मॅडम. वय ४४, बँकेत नोकरी, राहणार नाशिक. दोन वर्षांपूर्वी कंबरदुखीसाठी घराजवळच्या योगवर्गात जायला लागले. कंबर सुधारली, रात्रीची झोप लागायला लागली. त्या उत्साहात सरांकडेच योगशिक्षक पदविकेला नाव घातलं. आता तिथे पतंजलींची सूत्रं चालू आहेत. मागच्या महिन्यात तिसऱ्या पादातल्या, म्हणजे अध्यायातल्या, सिद्धी शिकवत होते, हत्तीचं बळ, आकाशगमन वगैरे. मी विचारलं, "सर, हे शब्दशः खरं मानायचं का?" सगळ्यांसमोर म्हणाले, "संशयात्मा विनश्यति. मन खुलं ठेवा, नाहीतर दोन वर्षं फुकट गेली समजा." घरी येईपर्यंत रडू आवरत नव्हतं. भस्त्रिकेच्या वेळी माझ्या बोटांना मुंग्या येतात, ती कुंडलिनीची चाहूल आहे असं ते सांगतात. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या सल्ल्याने थायरॉइडची गोळी बंद केली आणि सर्वांगासन वाढवलं. खरं सांगते, काही त्रास नाही. माझे वडील आयुष्यभर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते, आमच्या घरात देव्हारा नव्हता. ओंकार म्हणताना मला चोरी केल्यासारखं वाटतं. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, "आई, हे सगळं प्लासिबो आहे, नुसत्या विश्वासाने बरं वाटतंय." श्रद्धा नसेल तर योग होतो का? की मी नुसता व्यायाम करतेय? पुढच्या टप्प्याची फी महिनाअखेर भरायची आहे.

नमस्कार ताई,

आधी गोळीचं बोलू. पतंजली थांबतील, थायरॉइड थांबणार नाही.

थायरॉक्सीन शरीरात फार रेंगाळतं. गोळी बंद केल्यावर त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा जातो. म्हणजे तीन आठवड्यांनंतरही तुमच्या अंगात जुन्या गोळीचा काही अंश शिल्लक असणार. "काही त्रास नाही" याचं श्रेय सर्वांगासनाला देण्याची घाई करू नका, ते बहुधा त्या उरलेल्या औषधाचं आहे. पुढचा त्रास इतक्या सावकाश येतो की माणूस तो वयावर ढकलतो: थकवा, केस गळणं, पोट साफ न होणं, फॅनखालीसुद्धा थंडी वाजणं. थायरॉइड कमी पडण्याचं एक मोठं कारण म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर उलटते. मान दुमडून ग्रंथीवर दाब दिला की ती उलटलेली प्रतिकारशक्ती शांत होते, असं मानायला काही आधार नाही. गोळी तरी काय करते? ग्रंथीला जे बनवता येत नाही ते बाहेरून पुरवते, एवढंच. आज डॉक्टरांना फोन करा, किती दिवस बंद होती ते न लपवता सांगा आणि ते म्हणतील तशी सुरू करा. रागावले तर रागावू द्या.

मुंग्यांचंही लगेच सांगून टाकते. जोरजोरात भराभर श्वास घेतला-सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्यामुळे रक्ताची आम्लता बदलते, त्यातल्या मोकळ्या कॅल्शियमचं प्रमाण थोडं खाली येतं आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून डोकं हलकं झाल्यासारखं वाटतं. घाबरून धापा टाकणाऱ्या माणसालाही हेच होतं आणि त्याची कुंडलिनी जागी झाली असं कुणी म्हणत नाही. तुम्हीच पडताळा: आवर्तनं निम्मी करा, वेग कमी करा. मुंग्या थांबल्या तर कारण कळलं. नाही थांबल्या तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणवायू हळूहळू आवरावा, नाहीतर तो साधकालाच मारतो, असं स्पष्ट सांगितलंय. तुमच्या वर्गात भस्त्रिका शिकवताना हा श्लोक सांगतात का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

आता सरांनी तुमच्यावर फेकलेलं वचन. गीतेचा चौथा अध्याय त्यांनीच काढलाय, तर तोच उघडून बसू.

"संशयात्मा विनश्यति" हा चाळिसाव्या श्लोकातला तुकडा. त्याच्या सहाच श्लोक आधी, चौतिसाव्यात, ज्ञान कसं मिळवायचं ते सांगितलंय: प्रणिपाताने, परिप्रश्नाने आणि सेवेने. म्हणजे विचारणं हे शिष्याच्या कामातच धरलंय, नमस्काराच्या आणि सेवेच्या बरोबरीने. बेचाळिसाव्या श्लोकात मनातला संशय कशाने तोडायचा तेही आहे. तलवार ज्ञानाची आहे, गप्प बसण्याची नाही. आणि अर्जुनाने हे सगळं ऐकून काय केलं? पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात पुन्हा प्रश्न: कर्मांचा संन्यासही सांगतोस आणि योगही सांगतोस, यातलं बरं कुठलं ते एकदा नक्की सांग. सहाव्यात तर "एतन्मे संशयं कृष्ण" म्हणून, चक्क संशय हाच शब्द वापरून, तो माझा संशय फेडून टाक अशी विनवणी करतो. संशयात्म्याचा नाश होतो हे ऐकलेला शिष्य दोन अध्यायांनी पुन्हा संशय घेऊन उभा राहतो, आणि श्रीकृष्ण त्याला वर्गाबाहेर काढत नाहीत, उत्तर देतात. शेवटी अठराव्यात म्हणतात, या सगळ्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. मन खुलं ठेवा हा उपदेश सरांनी तुम्हाला केला खरा, पण त्या प्रसंगी बंद होतं ते कुणाचं मन, हे तुमचं तुम्ही ठरवा.

तरी एक बाजू झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. परंपरा संशयाला खरोखरच वाईट मानते. "संशयाहूनि थोर । आणिक नाहीं पाप घोर" असं ज्ञानेश्वरांनीच म्हटलंय. पतंजलींनीही पहिल्या पादात साधनेतले नऊ अडथळे मोजलेत, त्यात तिसरा संशय आहे. पण हा संशय कसला? व्यासभाष्यात, म्हणजे पतंजलींच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, त्याचं वर्णन आहे: दोन्ही टोकांना शिवणारं ज्ञान, हे असंही असेल, तसंही असेल. त्या हेलकाव्यात माणूस सकाळी चटई अंथरायची की नाही हेच ठरवू शकत नाही. तुमची चटई दोन वर्षं रोज अंथरली जातेय. तुम्ही सोडून दिलेलं नाही, विचारलंय. आणि तीच यादी पुढे वाचली तर सातवा अडथळा भ्रांतिदर्शन आहे, म्हणजे जे जसं नाही ते तसं आहे असं मानून बसणं. कार्बन डायऑक्साइडच्या मुंग्यांना कुंडलिनी समजणं हे मी त्यात घालेन. पतंजलींच्या हिशोबात डळमळणं आणि भलतंच पक्कं धरून बसणं, दोन्ही एकाच यादीत आहेत. वर्गात यातला तिसरा अडथळा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितात आणि सातवा घाईत उरकतात, असा माझा अनुभव आहे.

मग श्रद्धा कुठे? ती आहेच, आणि टाळता येण्यासारखी नाही. पहिल्या पादातल्या विसाव्या सूत्रात साधकांसाठी जो क्रम दिलाय त्यात पहिली श्रद्धा, तिच्यामागून वीर्य, म्हणजे उत्साह आणि नेट, मग स्मृती, समाधी, प्रज्ञा. व्यास तिथे श्रद्धेला चित्ताची प्रसन्नता म्हणतात आणि पुढे एक फार सुंदर वाक्य लिहितात, की ती कल्याणकारी आईसारखी योग्याचं रक्षण करते. मन निवळलेलं असतं, म्हणून माणूस उद्या पुन्हा बसतो. या श्रद्धेला हत्तीच्या बळाबद्दल मत असण्याची गरज नाही. पहिल्या आठवड्यात कंबर तशीच ठणकत असतानाही तुम्ही दुसऱ्या आठवड्यात गेलात ना? ती तुमची श्रद्धा होती. नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता मला जे मुख्य म्हणायचंय ते. याच भाष्यात पस्तिसाव्या सूत्रावर एक विलक्षण प्रामाणिक कबुली आहे. शास्त्र, अनुमान आणि आचार्यांचा उपदेश हे तिन्ही खरेच सांगत असले, तरी त्यातला एखादा भाग जोवर माणसाला स्वतःला अनुभवाला येत नाही तोवर सगळं ऐकीवच राहतं, बुद्धी घट्ट होत नाही. म्हणून काही एक गोष्ट तरी स्वतः प्रत्यक्ष करून घेतलीच पाहिजे. इतक्या जुन्या ग्रंथात शिष्याच्या शंकेची ही अशी कदर आहे. मात्र भाष्यकार तिथून पुढे जातात: तो एक भाग प्रत्यक्ष झाला की बाकीच्या सगळ्या सूक्ष्म गोष्टींवर, अगदी मोक्षापर्यंत, विश्वास बसतो. इथे मी त्यांचा हात सोडते. विश्वास बसतो हे खरं, माणसाचं मन तसंच चालतं. पण बसावा का?

तुमच्या वर्गात नेमकं हेच झालंय. कंबर बरी झाली हे तुम्ही अनुभवलं. त्या एका अनुभवाच्या जोरावर पुढचा माल एकगठ्ठा आत आला: कंबरेचं खरं निघालं म्हणजे मुंग्यांचंही खरं, मुंग्यांचं खरं म्हणजे थायरॉइडचंही खरं, आणि एवढं खरं तर आकाशगमनावर शंका घेणारी तुम्ही कोण? विश्वास असा घाऊक भरू नये. किरकोळीने घ्यावा, एकेक जिन्नस हातात घेऊन, वजन करून. कंबरेबद्दल सरांचा शब्द तुम्ही तोलून पाहिलाय, तो पक्का आहे. त्यावरून थायरॉइडबद्दलचा त्यांचा शब्द एका ग्रॅमनेही जड होत नाही.

तुमचा मुलगाही घाऊक व्यापारीच आहे बरं का, फक्त उलट्या दिशेचा. आकाशगमन खोटं, म्हणून सगळं प्लासिबो. त्याला सांगा, जुनाट कंबरदुखीवरच्या योगाच्या चाचण्यांचा वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली आढावा घेतला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची हालचाल सहा महिन्यांपर्यंत थोडी ते मध्यम सुधारलेली दिसली. पाठीच्या इतर व्यायामांपेक्षा योग वरचढ आहे असं मात्र त्यातून ठामपणे निघालं नाही. हे उत्तर सरांनाही पुरतं आवडणार नाही आणि मुलालाही. शिवाय अशा चाचण्यांत आपण योग करतोय हे करणाऱ्याला माहीत असतंच, त्यामुळे मनाचा वाटा वेगळा काढता येत नाही, हा मुलाचा मुद्दा मान्य करायला हरकत नाही. त्याच्याशी वाद घालताना तेवढी ढील द्या, तोही देईल.

गुरूवर निष्ठा आणि मोजून पाहण्याची सवय एका माणसात राहू शकते का, असा प्रश्न पडत असेल तर लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांकडे बघा. ते मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचे गुरू गुजरातमधल्या मालसरचे परमहंस माधवदास. गुरूवर अपार भक्ती, पण क्रियांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे पाहायला ते क्ष-किरण आणि दाबमापक घेऊन बसले. १९२४ साली त्यांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून आपले प्रयोग छापायला सुरुवात केली. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या निर्वात स्थितीला गुरूचंच नाव दिलं: माधवदास निर्वात. मला हे नाव फार आवडतं. दाबमापकावरचा आकडा गुरुचरणी वाहणारा माणूस! आणि प्राणायामाने शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो ही त्या काळी सांगितली जाणारी, आणि आजही प्रत्येक बागेत सकाळी ऐकू येणारी गोष्ट तपासून पाहताना त्यांना ती टिकताना दिसली नाही, तर त्यांनी तसंही लिहिलं. प्राणायामाचं मोल त्यांच्या दृष्टीने दुसरीकडे होतं. एक समजूत निकालात निघाली म्हणून त्यांनी प्राणायाम सोडला नाही आणि प्राणायामावर प्रेम म्हणून ती समजूत जपली नाही.

सिद्धींचं काय करायचं? काही नाही. पतंजलींनी स्वतःच त्यांना समाधीच्या वाटेतले उपसर्ग, म्हणजे अडथळे, म्हटलंय. त्या खऱ्या मानल्या तरी साधकाला उपयोग शून्य. ज्या प्रश्नाच्या उत्तराने तुमच्या उद्याच्या सकाळच्या बैठकीत काडीचा फरक पडणार नाही, तो अनिर्णित राहू द्यायला काय बिघडतं? परीक्षेत विचारलं तर "सूत्रकारांच्या मते अमुक संयमाने अमुक प्राप्त होतं" असं लिहा. ते पूर्ण खरं उत्तर आहे, मार्कही पूर्ण मिळतील.

ओंकाराबद्दल थोडं. ईश्वरप्रणिधान, म्हणजे ईश्वराला शरण जाणं, पतंजलींनी पहिल्या पादात एक पर्याय म्हणून ठेवलंय, आणि पुढे मन स्थिर करण्याचे बाकीचे उपाय सांगत गेलेत: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, श्वास बाहेर सोडणं आणि रोखणं, आणि सगळ्यात शेवटी "यथाभिमत", ज्याला जे रुचेल त्याचं ध्यान. इतका मोकळेपणा क्वचित दिसतो. मात्र या जोरावर कुणी पतंजलींना नास्तिक ठरवू लागलं तर तेही घाऊकच. दुसऱ्या पादात नियमांमध्ये ईश्वरप्रणिधान पुन्हा येतं आणि तिथे पर्यायाची भाषा नाही. तुमच्यापुरतं म्हणाल तर दोन वाटा आहेत. ओंकार म्हणजे लांबलेला उच्छ्वास आणि छातीत घुमणारा नाद एवढंच धरून म्हणा, किंवा बाकीचे म्हणत असताना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष ठेवा. चोरीसारखं वाटतं ते ओठ हलवताना मनात "मी हे मानत नाही, पण म्हणतेय" असं चालू असतं म्हणून. तो दिखावा थांबला की ती भावनाही जाईल. आणि वडिलांशी प्रतारणा होतेय हे मनातून काढा. त्यांनी तुम्हाला विचारायला शिकवलं, तुम्ही भर वर्गात विचारलंत. पण एक प्रश्न स्वतःलाही विचारा: कधी नाद मनापासून आवडला, बरं वाटलं, तर वडिलांसाठी म्हणून ते नाकारणार आहात का? मन खुलं ठेवायचं तर आपल्या माहेरच्या नकारापाशीही खुलं ठेवायला लागतं. हे जास्त अवघड आहे, कारण तिथे प्रेम आड येतं.

श्रद्धा नसेल तर नुसता व्यायाम का, हे तुम्ही विचारलंत. नुसता व्यायाम असता तर सिद्धींच्या तासाला तुम्ही जागच्या जागी पाय हलवत बसला असतात. शिवाय "नुसता" म्हणून व्यायामाला कमी लेखू नका, त्यानेच तुमची झोप परत आणली.

राहिले सर. चारचौघांत तुम्हाला बोलले, ते चुकलंच. तरी दोन वर्षं कंबर सांभाळून शिकवणारा माणूस एका वाक्यावरून निकालात काढू नका, नाहीतर आपणही मुलाच्याच दुकानात. वर्ग सुटल्यावर, इतर गेल्यावर गाठा आणि एकच प्रश्न विचारा: "सर, हे तुम्ही स्वतः अनुभवलंय, की परंपरेने आलंय म्हणून सांगता?" हा उद्धटपणा नाही. प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम (परंपरेने आलेलं वचन) ही ज्ञानाची तीन प्रमाणं पहिल्या पादात सातव्या सूत्रात त्यांनीच तुम्हाला शिकवली असतील. त्यातलं इथलं कुठलं, एवढंच तुम्ही विचारताय. "मी अनुभवलेलं नाही, माझ्या गुरूंकडून ऐकलंय" असं म्हणाले तर त्यांच्याकडे बिनधास्त शिका, असा शिक्षक मिळणं अवघड. पुन्हा संशयात्मा काढला तर सकाळच्या आसनांना तिथे जात राहा आणि सूत्रं दुसरीकडे शिका. नाशिकहून लोणावळा काही काशी-रामेश्वर नाही. आणि गोळीचा विषय मात्र चर्चेला ठेवूच नका. "डॉक्टरांनी पुन्हा सुरू केलीय" एवढं सांगायचं, परवानगी मागितल्यासारखं नको.

हे बोलणं होईपर्यंत फी भरू नका. महिनाअखेरीच्या आत झालं नाही तर मुदत मागा. आठ-पंधरा दिवस थांबायला जे वर्ग तयार होत नाहीत तिथे तसंही पैसे अडकवू नयेत. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कधी करायची ते डॉक्टर सांगतील. गोळी पुन्हा सुरू केल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी परत तपासतात, ती तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.